मागचा मोकळा माणूस

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि चौथ्या वर्षी विहिरी आटल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण जळकोटच्या पारावर बसणाऱ्यांना तो जोडल्याशिवाय अन्न पचत नसे. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागतं. कलेक्टर लागतो, शिक्के लागतात, आणि फुटबॉलचा संघही लागतो. तोवर उदगीर-जळकोटकडची पोरं उस्मानाबादच्या नावानं खेळायची आणि विभागीय स्पर्धेत पहिल्याच दिवशी हरून परत यायची. आता स्वतःच्या नावानं हरायची सोय झाली होती. जर्श्या मात्र जुन्याच. छातीवरचं 'उस्मानाबाद' उसवून तिथं 'लातूर' अशी पट्टी शिवली होती, आणि पट्टी आखूड पडल्यानं दोन्ही बाजूंना जुन्या नावाचे टाके दिसत होते.

संघ गुरुपादप्पा मास्तरांचा. मास्तर उदगीरला शाळेत ड्रिल शिकवायचे. तरुणपणी ते हैदराबादला खेळले होते आणि येताना तिथलं एक खूळ डोक्यात घालून आले होते. आपल्याकडे तेव्हा फुटबॉल म्हणजे गोलीनं लाथ घालून बॉल वर पाठवायचा आणि बाकीच्यांनी तो कुठं पडतोय ते बघत धावायचं. मास्तरांना याची शिसारी होती. बॉल गोलीच्या पायापासून निघून, बचावातल्या स्टॉपरकडून मधल्या हाफकडे, हाफकडून पुढं, असा जमिनीवरूनच गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

"वर आभाळात काय हाय?" ते विचारायचे. "पाऊस बी न्हाई. मग बॉल कशाला पाठवता तिकडं?"

असं खेळायचं म्हटलं की समोरचे तिघं-चौघं मिळून धावत अंगावर येतात, बॉल हिसकायला. मास्तर त्याला घेराव म्हणायचे. तो शब्द त्या साली सगळ्यांच्याच तोंडी होता. टँकर आला नाही की बायका घागरी घेऊन तहसीलला तोच घालायच्या. मास्तरांचा घेरावावरचा उपाय ऐकायला अगदी सोपा होता.

"घाबरायचं न्हाई. बॉल पायाखाली ठेव, अन् येऊ दे त्यांना. आहिस्ता. तिघं तुझ्यावर आले म्हंजे तिघांनी आपली जागा सोडली. कोणतरी मोकळा झाला का न्हाई? अन् तो मोकळा माणूस बहुतेक तुझ्या मागंच असतो. गोली. त्याला दे, तो दुसऱ्या बाजूनं वाट उघडतो."

गोलीनं तो बॉल हातात घेतलेला मास्तरांना खपायचा नाही. नियमात तेव्हा ते चालायचं, पण हातात घेतला की समोरचे मुकाट परत जाऊन आपापल्या जागी उभे राहतात आणि सगळी मेहनत फुकट जाते. पायानं, लगेच, ते सगळे पुढं आलेले असतानाच तो दुसऱ्या बाजूला गेला पाहिजे. सराव आटलेल्या तळ्यात चालायचा. सगळ्या जिल्ह्यात तेवढं सपाट मैदान दुसरं नव्हतं. दुष्काळानं दिलं असेल तर एवढंच दिलं.

आता अंगावर तिघं धावून येत असताना बॉल पायाखाली ठेवून थांबायचं, हे बोलायला ठीक आहे. संघात ते दोघांनाच जमायचं. एक जळकोटचा लिंबाजी, स्टॉपर. दुसरा त्याचा थोरला भाऊ साहेबराव, गोली.

ते त्यांना जमायचं त्याचं कारण फुटबॉलमध्ये नव्हतंच, विहिरीत होतं. दुष्काळात गाळ काढायची, विहिरी खोल करायची कामं निघाली होती आणि दोघं भाऊ त्याच कामावर होते. साहेबराव खाली उतरून टोपलं भरायचा. लिंबाजी वर. चाकावरून आलेला दोर खांद्यावर घेऊन, विहिरीकडं पाठ करून त्यानं चालत सुटायचं, की टोपलं वर यायचं. टोपलं भरलं की साहेबराव खालून ओरडायचा, "हाव!" म्हणजे हो, ओढ. लिंबाजी निघायचा. तो कधी वळून पाहत नसे. बघायचं काय त्यात? आवाज आला म्हणजे टोपलं भरलं, आणि दादा बाजूला सरकला.

मैदानावरही तेच. साहेबराव डावखुरा. तो डाव्या खांबाच्या रेषेत, चार पावलं पुढं येऊन उभा राहायचा. लिंबाजीवर घेराव आला की मागून "हाव!" यायचा आणि लिंबाजी न बघता, नुसत्या पायाच्या आतल्या बाजूनं, बॉल तिथं सारून द्यायचा. साहेबराव डाव्या पायानं तो दुसरीकडं उघडायचा. अंगावर आलेले तिघं मग येड्यासारखे एकमेकांची तोंडं बघत राहायचे. एकदा मास्तरांनी गंमत म्हणून लिंबाजीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला होता. तरी बॉल साहेबरावच्या डाव्या पायावरच गेला. मास्तरांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या पैशानं भजी खाऊ घातली, आणि मास्तरांच्या हातून पैसा सुटणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

चैत्रात एका दुपारी खालून "हाव" आला, लिंबाजी दोर घेऊन निघाला, आणि अर्ध्या वाटेत मागं दरड कोसळल्याचा आवाज झाला. टोपलं तेवढं वर आलं, काठोकाठ भरलेलं. लिंबाजीनं वळून पाहिलं तेव्हा विहिरीतून नुसता धुरळा वर येत होता.

साहेबरावला संध्याकाळपर्यंत बाहेर काढलं. त्यातलं पुष्कळसं काम लिंबाजीनंच केलं. लोक म्हणाले, पोरगं धीराचं आहे. मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्रिशरण-पंचशील झालं, माणसं बोलली, रडली, जेवून गेली, आणि लिंबाजीच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. तेव्हा तेच लोक म्हणाले, पोरगं दगड आहे. आई, नागुबाई, रोज त्याच्या पुढ्यात बसायची.

"रड की रे एकदा," ती म्हणायची. "माझ्याजवळ रड. कुणी बघत न्हाई."

"येत न्हाई गं माय," तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं. त्याला वाईट वाटत नव्हतं. भूक लागत नव्हती, ऊन लागत नव्हतं, पाय ठेचकाळून रक्त आलं तर तेही दुसरं कुणी दाखवल्यावर समजायचं. दादाचं नाव तो घेत नव्हता, ते दुःखानं नव्हे. तोंडापर्यंत ते येतच नव्हतं.

स्पर्धा जवळ आली तसे मास्तर घरी आले. ते बराच वेळ बाहेरच्या बाजेवर बसून राहिले, दुष्काळाबद्दल बोलले, ज्वारीबद्दल बोलले. शेवटी खाली बघत म्हणाले, "ती एक नंबरची जर्सी... संघाची हाय. नवी घ्यायला पैसे न्हाईत, नागुबाई."

जर्सी खुंटीवर होती. पाण्याची ती गत, कपडे धुवायला पाणी कुठलं, त्यामुळं ती शेवटच्या सरावाची तशीच होती, घामासकट. नागुबाईनं तोंडाला पदर लावला. लिंबाजी उठला, खुंटीवरून जर्सी काढली, घडी घातली आणि मास्तरांच्या हातात दिली. ताटात भाकरी वाढावी इतक्या सहज.

"तू येशील?" मास्तरांनी विचारलं.

"येतो की."

नवा गोली व्यंकटी. उदगीरला डाळ मिलमध्ये पोती शिवायचा. हात मोठे, उंची चांगली, आणि तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी इतका मुका. तो गोलच्या रेषेवर उभा राहायचा आणि बॉल आला की हातात धरायचा. पुढं ये म्हटलं की पाऊलभर यायचा आणि लक्ष नाही असं बघून परत मागं जायचा. पण सरावात मास्तरांना दुसरीच गोष्ट दिसली. लिंबाजी मागं बॉल देतच नव्हता. घेराव आला की तो बाजूला द्यायचा, मध्ये द्यायचा, अगदीच कोंडी झाली तर मैदानाबाहेर मारायचा. खेळत होता झकास. पण गोलकडं एकदाही बघत नव्हता. सरावाला येताना आणि जाताना तो तळ्याच्या त्या टोकाकडं पाठ करूनच चालायचा.

मास्तरांना कळत होतं की असं किती दिवस चालणार. मागं वाट नाही म्हटल्यावर समोरचे दोन्ही बाजू बंद करणार, आणि मग सगळा खेळ लाथाळीवर येणार. पण त्या पोराला काय म्हणून सांगायचं? माणूस मास्तर असला म्हणून सगळं शिकवता येत नाही.

पहिलाच सामना नांदेडशी, नांदेडात. उदगीरहून देगलूरमार्गे एसटीनं गेले. वाटेत देगलूरला चहा झाला, पोरांनी चहावाल्याशी मोडक्या तेलुगूत दंगा केला. लिंबाजीनं चहा घेतला आणि तो गरम आहे हे त्याला कप रिकामा झाल्यावर, जीभ पोळलेली लागली तेव्हा कळलं. व्यंकटी त्याच्या शेजारीच बसला होता. त्यानं जर्सी गाडीतच घातली होती. ती त्याला खांद्यावर तंग होत होती.

नांदेडचा संघ म्हणजे जुनी, मुरलेली मंडळी. लातूरच्या जर्शीवरच्या पट्ट्या बघून त्यांचा नऊ नंबरवाला हसला, "नवा जिल्हा हाय म्हंतात. नाव तरी नीट शिवून आणायचं." लातूरची पोरं वरमली. लिंबाजीला काही वाटलं नाही.

शिट्टी झाली आणि घेराव सुरू झाला. व्यंकटीनं बॉल लिंबाजीला दिला की ते तिघं सुटायचे. लिंबाजी थांबायचा. बघणारे जागचे उठायचे, आणि हा आपला टँकरची वाट बघत असल्यासारखा उभा. शेवटच्या क्षणी हाफला द्यायचा, आणि लातूरचे पुढं निघायचे. बघ्यांतला एकजण म्हणाला, "काय काळीज हाय हो पोराचं!" मास्तरांनी ते ऐकलं. त्यांना ठाऊक होतं की त्यात काळजाचा काही भाग नव्हता. ज्याला काही वाटतच नाही त्याला भीती तरी कशी वाटणार?

मध्यंतराच्या थोडं आधी नांदेडच्या नऊ नंबरवाल्याला उमगलं. हा मागं देत नाही. त्यानं हातानं खुणा केल्या. दोघं दोन हाफजवळ जाऊन चिकटले, आणि उरलेले तिघं लिंबाजीवर आले.

डावीकडं वाट नाही, उजवीकडं नाही, मध्ये नाही. लिंबाजी थांबला. खांद्यावर दोर असावा तसं त्याचं अंग किंचित पुढं झुकलं. तिघं हातभरावर आले, आणि त्याच्या पायानं, त्याला न विचारता, बॉल मागं सारला. मागून आवाज आला नव्हता. तरी सारला. डाव्या खांबाच्या रेषेत, चार पावलं पुढं. एकदम नेमका.

तिथं कुणी नव्हतं. व्यंकटी उजव्या खांबाशी होता. बॉल हळूहळू घरंगळत, काही घाई नसल्यासारखा, डाव्या खांबाच्या आतून रेषेपलीकडं गेला. व्यंकटी झेपावला तोवर उशीर झाला होता.

नांदेडचे बघे उड्या मारायला लागले. सेल्फ गोल म्हटल्यावर काय, त्यांना हसू आवरेना. लिंबाजीनं वळून पाहिलं. गोलमध्ये व्यंकटी मातीत पालथा पडला होता आणि त्याच्या अंगावरून धुरळा वर येत होता.

मध्यंतराला लिंबाच्या सावलीत सगळी पोरं व्यंकटीवर तुटून पडली. तिथं का नव्हतास? मागं बॉल यायचा तर गोलीनं पुढं यायचं असतं, किती वेळा सांगितलं तुला? पोती शिवायला जा. व्यंकटी गुडघ्यांत मान घालून बसला होता. एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

मास्तर लिंबाजीकडं बघत होते.

"त्याची चूक न्हाई," लिंबाजी म्हणाला.

"मग कुणाची?" एकानं फणकारून विचारलं. "तू तर नीट दिला व्हता."

"त्याला न्हाई दिला मी. दादाला दिला."

ज्यानं विचारलं होतं तो उगाचच बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. लिंबाजीला आपलाच आवाज परका वाटला. किती दिवसांनी तो शब्द तोंडातून बाहेर आला होता. आणि मग, बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या याव्यात, तसं काहीतरी अंगभर सुरू झालं. तहान लागली. टाचेवर फोड आला होता, तो ठणकायला लागला. जीभ पोळलेली होती. एकेक दुखणं आपापलं नाव सांगत पुढं येत होतं, आणि ते त्याला सहन होईना. बधिर होतो तेच बरं होतं, असं त्याला वाटून गेलं.

शिट्टी झाल्यावर तो आपल्या जागी न जाता गोलकडं चालत गेला. चार महिन्यांत पहिल्यांदा. व्यंकटी रेषेवर उभा होता. त्याला आता मार बसणार असं वाटलं असावं.

"इथं ये," लिंबाजीनं डाव्या खांबाच्या रेषेतली जागा दाखवली. "इथं उभा राहा. अन् मोकळा असशील तवा आवाज दे."

"काय म्हणू? हाव म्हणू?"

"हाव नको म्हणूस." लिंबाजी एवढ्या झटक्यात बोलला की व्यंकटी दचकला. "दुसरं काय बी म्हण."

व्यंकटीनं विचार केला. "माझं नाव घेऊ?"

"घे."

पुन्हा घेराव आला. मागून बारीक आवाजात "व्यंकटी!" ऐकू आलं, आणि लिंबाजीनं न बघता बॉल जुन्या जागी सारला. व्यंकटी तिथंच होता. पण बॉल त्याच्या डाव्या पायावर आला, तो त्याला धड थांबवता आला नाही, आणि नऊ नंबरवाला पोचायच्या आत त्यानं कसाबसा अंगावर पडून तो हातात धरला. मास्तरांनी डोळे मिटले ते उघडायला वेळ लावला.

व्यंकटी उठला आणि धापा टाकत लिंबाजीला म्हणाला, "माझा डावा पाय कामाचा न्हाई. तुझा भाऊ डावखुरा व्हता. मी न्हाई." एवढं मोठं वाक्य त्याच्या तोंडून संघात कुणी ऐकलं नव्हतं. मग कुणाला न विचारता तो तिथून निघाला आणि उजव्या बाजूला, पाच-सहा पावलं पुढं, स्वतःला बरं वाटलं तिथं जाऊन उभा राहिला.

ती जागा लिंबाजीच्या पायाला माहीत नव्हती. डोळे बांधून सापडावी अशी ती नव्हती. तिथं बॉल द्यायचा तर वळून बघावं लागणार होतं.

खेळ संपत आला तेव्हा नांदेडचे सगळेच वर चढून आले. एका गोलनं पुढं होते, आता बॉल हिसकून विषय संपवायचा होता त्यांना. लिंबाजीच्या पायाशी बॉल, आणि तिघांच्या जागी चौघं. तो थांबला. या वेळी त्याला भीती वाटली. तरी त्यानं बॉल पायाखालून सोडला नाही. मागून आवाज आला, "व्यंकटी!"

लिंबाजी वळला. गोलकडं सरळ बघितलं. उजवीकडं, ऊन डोळ्यांवर घेऊन, तंग जर्सी घातलेला एक उंच पोरगा उजवा पाय पुढं करून उभा होता. त्याच्या छातीवर एक नंबर होता आणि तो साहेबराव नव्हता. डाव्या खांबासमोर कुणीच नव्हतं. ती जागा मोकळी होती आणि मोकळीच राहणार होती. लिंबाजीनं बॉल व्यंकटीच्या उजव्या पायावर दिला.

व्यंकटीनं तो धरला नाही. पायानं उघडला, उजव्या बाजूला, सरळ हाफकडं. नांदेडचे चौघंही एका फटक्यात मागं पडले. पुढं सगळं मैदान मोकळं होतं. मास्तर उठून उभे राहिले, त्यांच्या तोंडून काहीतरी कानडीत निघालं. हाफनं पुढं दिला, पुढच्यानं आत घेतला, आरडाओरडा वाढत गेला आणि मग एकदम फुटला. गोल झाला होता. नव्या जिल्ह्याचा पहिला गोल. लातूरची सगळी पोरं पुढच्या टोकाला एकमेकांच्या अंगावर पडत होती.

लिंबाजीनं तो गोल पाहिलाच नाही. तो अजून मागंच बघत होता, डाव्या खांबासमोरच्या मातीकडं. तो रडत होता, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा, आवाजासकट. गोलच्या गोंगाटात तो कुणाला ऐकू गेला नाही. व्यंकटीनं बघितलं. जवळ यावं की नाही ते त्याला कळेना. तो दोन पावलं पुढं आला आणि मग, काहीतरी करायचं म्हणून, मघाच्या त्या डाव्या खांबाच्या जागेकडं निघाला.

"नको," लिंबाजी हुंदका आवरत म्हणाला. "तिकडं नको जाऊस. व्हतास तिथंच थांब. तुझी जागा ती."

व्यंकटी थांबला. लिंबाजीनं जर्शीनं तोंड पुसलं, मैदानाकडं वळला आणि खेळ पुन्हा सुरू व्हायची वाट बघत उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं मान वळवून मागं एकदा बघून घेतलं.